मूठभरांचा बाजार आणि रुंदावणारी दरी: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो, पण खडू काही सुटला नाही. घोडबंदर रोडच्या सोसायट्या, कळव्यातलं वाचनालय, वाशी-खारघरचे ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे अशा ठिकाणी बोलायला बोलावतात. बोलणं संपलं की चिठ्ठ्या येतात आणि घरी पोचेपर्यंत फोनवर आणखी चार. तेच ते प्रश्न फिरून येतात म्हणून इथे एकत्र केले. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा वकिली थाटाचे. घाई असेल त्यांनी प्रश्न ३ आणि ६ तरी वाचावेत.

१. ‘बाजार एकवटला’ म्हणजे मक्तेदारी आली का?

दरवेळी नाही. मक्तेदारीत विकणारा एकच असतो. बारावीच्या पुस्तकात ज्याला अल्पाधिकार म्हटलंय, त्यात तीन-चार असतात. बाजार एकवटतो म्हणजे विक्रीचा मोठा वाटा हळूहळू कमी हातांत जातो; शेवटी एकच उरेल असं नाही.

पण हात मोजण्याआधी बाजार कुठला ते ठरवावं लागतं. ठाण्यात इंटरनेट देणारे भरपूर आहेत. आमच्या इमारतीत मात्र आधीच्या कमिटीने एकाशीच करार केला आणि डक्टमधून दुसऱ्या कुणाची वायर वर येऊ दिली नाही. शहरात दहा, जिन्यात एक. नेट बंद पडलं की तक्रार घेणारी मुलगी गोड आवाजात ‘४८ तासांत होईल सर’ म्हणायची. आम्ही जाऊन जाणार कुठे, हे तिच्या कंपनीला ठाऊक होतं. स्पर्धा कायद्यात याला ‘संबंधित बाजार’ म्हणतात आणि वकील मंडळी आधी याच व्याख्येवर भांडतात. मी स्वतः एकच साधी कसोटी लावतो: समोरच्याला सोडून दुसरीकडे जाता येतं का, आणि जायला किती पडतं?

२. हे मोजतात कसं? आणि भारतात खरंच वाढलंय की नुसतीच ओरड?

मोजायला हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक वापरतात. नाव भारदस्त, गणित पाचवीचं. प्रत्येकाच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज मारायची. स्टेशनबाहेर वडापावच्या चार गाड्या असतील आणि चौघांचा धंदा सारखा असेल, तर २५ चा वर्ग चार वेळा, म्हणजे २,५००. एकाचा ७० टक्के आणि तिघांचा दहा-दहा असेल तर ५,२००. गाड्या दोन्हीकडे चारच. एकटाच असेल तर १०,०००. कंपन्यांच्या विलीनीकरणासाठी अमेरिकेने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १,८०० च्या वरचा बाजार ‘अतिशय एकवटलेला’ धरला आहे.

आपल्या हातातलं उदाहरण यूपीआयचं. व्यवहारांच्या संख्येत फोनपे आणि गुगल पे या दोघांचाच वाटा ८० टक्क्यांच्या आसपास. कुठल्याही एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नसावेत असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२० मध्ये ठरवलं, मग मुदत वाढवत वाढवत ३१ डिसेंबर २०२६ वर नेली.

देशभरचं चित्र रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी २०२३ मध्ये मांडलं. वित्तीय क्षेत्र वगळता एकूण मालमत्तेत, आज सर्वांत मोठे असलेल्या पाच उद्योगसमूहांचा वाटा १९९१ मध्ये १० टक्के होता, तो २०२१ मध्ये १८ टक्क्यांच्या जवळ गेला. त्यांच्या खालच्या पाच समूहांचा वाटा मात्र १८ वरून ९ टक्क्यांच्या खाली आला. मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. उद्या ज्यांनी पहिल्या पाचांना टक्कर द्यायची, तेच वाळत चाललेत.

३. कंपनीने नफा कमावला तर त्यात गरीब-श्रीमंत दरी कशी वाढते?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून सावकाश उत्तर देतो.

आधी भाव. स्पर्धा सैल झाली की खर्चावर चढवलेली रक्कम वाढते. द लोकर, एकहूट आणि उंगर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी कंपन्यांचे हिशेब तपासले, तेव्हा एक नग जास्त बनवायला येणाऱ्या खर्चावर १९८० मध्ये सरासरी २१ टक्के चढवले जात होते, २०१६ मध्ये ६१ टक्के. आता हे आपल्या जिन्यात आणून बघा. आमच्याकडे काम करणाऱ्या ताई कळव्याहून येतात. त्यांच्या घरी साबण, तेल, रिचार्ज आमच्याइतकंच लागतं. पाच रुपये वाढले तर आमच्या लक्षातही येत नाही. ताई मोठी वडी सोडून छोटी घेतात, जी ग्रॅममागे महागच पडते.

ते वाढीव पाच रुपये जातात कुठे? नफ्यात, आणि नफा शेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे. पॅरिसच्या विषमता अभ्यासगटाने २०२४ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या संपत्तीचा ४०.१ टक्के आणि उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. म्हणजे दरवाढ सगळ्यांकडून गोळा होते आणि फार थोड्यांच्या ताटात पडते. पगाराचा वेगळा मामला आहे, तो प्रश्न ६ मध्ये.

आणखी एक गोष्ट आकड्यांत पटकन दिसत नाही. आपल्याकडे खालून वर यायचा जुना रस्ता छोट्या धंद्याचा: आधी हातगाडी, मग टपरी, मग गाळा, मग मुलगा इंजिनीअर. मोठ्यांनी पुरवठा, जागा आणि गिऱ्हाईक तिन्ही ताब्यात घेतले की गाडीवाला गाडीवालाच राहतो आणि त्याचा मुलगा कुणाचं तरी पार्सल पोचवत फिरतो.

४. सुपरमार्केटात तर शंभर ब्रँड दिसतात. मग स्पर्धा कमी कशी?

पाकिटाची मागची बाजू वाचा. सर्फ एक्सेल, रिन आणि व्हील एकाच हिंदुस्तान युनिलिव्हरचे. लक्स, लाइफबॉय, डव्ह, पिअर्स, हमाम हेही तिचेच. यात लपवाछपवी काही नाही, पत्ता छापलेला असतो. फक्त आपण समोरची बाजू मोजतो.

५. वाशीच्या मार्केटात शेकडो गाळे आहेत. तिथे कुठली आली मक्तेदारी?

हा प्रश्न जुन्नरकडून आलेल्या, आता कोपरखैरण्यात स्थायिक झालेल्या एका गृहस्थांनी विचारला आणि सोबत भावाची हिशोबपट्टी आणली होती. पिवळा कागद. वर मालाचा भाव, खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं एकेक वजा होत गेलेलं, आणि तळाशी पेनाने गोल केलेला आकडा. ‘सर, भाव ठरला तेव्हा भाऊ ओतूरला होता,’ ते म्हणाले. सगळं उत्तर त्या वाक्यात आहे.

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीत पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य. गाळे खूप, हे खरं. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. रात्री निघालेला टेम्पो पहाटे एका ठरलेल्या अडत्याच्याच गाळ्यावर लागतो. का? कधी त्याच्याकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, कधी वडिलांपासूनचा संबंध असतो. टोमॅटो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. परत न्यायचं भाडं मालापेक्षा जास्त. शेकडो गाळ्यांचा बाजार त्या शेतकऱ्यापुरता एका गाळ्याचा होतो. इथे प्रश्न १ मधली कसोटी लावून पाहा.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब काढला: ग्राहक एक रुपया देतो त्यातले शेतकऱ्याला टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७ मिळतात. बाकीचे सगळे कुणी लुबाडले असं नाही. त्यात भाडं आहे, नासाडी आहे, वाशीहून ठाण्याच्या जांभळी नाक्यापर्यंत आणणारा आहे, किरकोळ विक्रेत्याचं पोट आहे. पण त्या साखळीत भाव ठरवण्याची ताकद कुणाकडे आणि ठरलेला भाव मुकाट घ्यायची पाळी कुणावर, यावर वाटणी ठरते.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मुभा दिली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. रस्ता उघडला. मात्र त्या रस्त्याने जायला स्वतःची गाडी, शीतगृह आणि शहरात ओळख लागते. ज्यांच्याकडे ती होती ते गेले.

६. पगारावर याचा काय परिणाम?

विकणारा एकटा असतो तशी खरेदी करणाराही एकटा असू शकतो. श्रमाच्या बाजारात खरेदीदार म्हणजे मालक. अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की मोजकेच मालक असतील तर मजुरी कामाच्या मोलापेक्षा खाली राहते, आणि त्यासाठी मालक दुष्ट असण्याची गरज नाही.

ठाण्याचंच बघा. एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत वागळे इस्टेटमध्ये झाली. तिथे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने दाटीने होते तेव्हा फिटरला राग आला तर तो पलीकडच्या गेटवर जायचा. कारखाने गेले, घोडबंदर-माजिवड्याला टॉवर उभे राहिले. जुन्या फिटरच्या मुलासमोर आता किती गेट आहेत? माझा एक विद्यार्थी रबाळ्यात काम करतो. त्याच्या गल्लीत आठ कंपन्या आहेत, पण माणसं पुरवणारे ठेकेदार दोनच. एकाकडून निघाला आणि दुसऱ्याकडे गेला तरी मजुरी तीच. दोघे एकाच टपरीवर चहा घेतात.

यावरचा उताराही आपल्याच भागात बघायला मिळतो. वाशीच्या मार्केटात पोती उचलणारा माथाडी एकटा भाव ठरवायला गेला असता तर कुणी विचारलं नसतं. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, मंडळं आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. व्यापारी एकवटलेले, तर हमालही एकवटले. त्या व्यवस्थेत पुढे काय काय शिरलं ते सांगायला वेगळा लेख लागेल. पण हमालाच्या घरात पदवीधर झाले, हे मी वर्गात पाहिलं आहे.

७. पण मोठ्या कंपन्या तर छोट्यांपेक्षा जास्त पगार देतात!

बरोबर, आणि हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोऱ्याला ना पीएफ, ना सुट्टी. मोठ्या कंपनीच्या कायम कामगाराला दोन्ही. म्हणून ‘छोटं ते गोजिरं’ म्हणत बसण्यात अर्थ नाही.

बघायचं ते असं: कंपनी जेवढी कमावते त्यातला किती वाटा कामगारांना जातो? अमेरिकेत अर्थतज्ज्ञ ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की थोड्या ‘तारांकित’ कंपन्यांकडे विक्री सरकते तेव्हा त्या पगार चांगला देत असूनही उत्पन्नातला श्रमाचा वाटा घटतो, कारण त्या कमी माणसांत जास्त कमावतात. शिवाय कायम कोण आणि ठेकेदाराचा कोण, हेही गेटवरच्या ओळखपत्राच्या रंगावरून समजतं.

८. जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मग मोठं असण्यात वाईट काय?

सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, हे नाकारणारा माणूस रिचार्ज करत नसावा. त्या भावयुद्धात अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा विलीन झाल्या. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. उरल्या तीन खासगी आणि बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले.

हा संगनमताचा पुरावा नाही. बाजारात तिघेच असले की एकाने वाढवल्यावर बाकीच्यांना न बोलताही कळतं. कायदा कराराला पकडतो, नजरानजरेला नाही. म्हणून खेळाडू तीनवर येण्याआधी लक्ष घालावं लागतं. सुरुवातीची स्वस्ताई आणि नंतरची किंमत एकाच वहीत लिहावी, एवढंच माझं म्हणणं.

९. वीज, पाइपचा गॅस, विमानतळ: इथे एकच कंपनी असते. हेही चुकीचं?

एका रस्त्यात गॅसचे चार पाइप टाकणं वेडेपणा होईल. म्हणून ठाणे-नवी मुंबईत घरगुती पाइप गॅस महानगर गॅसचाच असतो. याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. तिथे स्पर्धेची जागा नियामकाने घ्यायची असते, आणि नियामक जागा आहे की झोपलाय यावर ग्राहकाचं नशीब.

विजेत मधला मार्ग आहे. २००३ चा कायदा एकाच भागात दुसऱ्या वितरकाला परवाना देऊ देतो. मुंबई उपनगरात टाटा आणि अदानी दोघे आहेत. ठाणे, नवी मुंबई, पनवेल भागासाठी अदानी समूहाच्या कंपनीने २०२२ मध्ये असा परवाना मागितला, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले. चांगले पैसे भरणारी गिऱ्हाइकं खासगीकडे गेली तर शेतीपंप आणि गरीब वस्त्यांचा भार महावितरणवर उरेल, ही त्यांची भीती. म्हणजे स्पर्धा आली तरी विषमता वाढू शकते. हे वर्गात सांगितलं की मुलं गोंधळतात. गोंधळावंच.

विमानतळाचं कोडं वेगळं. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली. त्यात ७४ टक्के अदानी समूहाचे, २६ टक्के सिडकोचे, आणि मुंबईचा जुना विमानतळही त्याच समूहाकडे. दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यामुळे मनमानी करता येत नाही. पण दोन मालक असते तर विमान कंपन्यांना एकाकडचा भाव दुसऱ्याला दाखवता आला असता, तो मार्ग राहिला नाही.

१०. सिडको सरकारी आहे, पण नवी मुंबईत जमीन तिच्याचकडे. ती मक्तेदारी नाही का?

आहे, आणि दुहेरी आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी नेमली गेली. विकणाऱ्या आगरी-कोळी शेतकऱ्याला दुसरा खरेदीदार नव्हता. त्याच जमिनीचे भूखंड पुढे निविदेने सर्वांत मोठ्या बोलीला भाडेपट्ट्यावर गेले. घेताना एकटी, देताना एकटी.

जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, त्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव घराघरांत पोचलं, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ज्यांनी तो भूखंड राखला आणि ज्यांनी आधीच कागदावर विकून टाकला, त्यांच्या नातवंडांत आज किती अंतर आहे ते करावे-बेलापूरच्या गावठाणात फिरून पाहा.

११. आमच्याकडे सगळे टँकरवाले एकाच दिवशी एकच दर लावतात. तक्रार करता येते?

येते. प्रतिस्पर्ध्यांनी मिळून भाव ठरवणं किंवा भाग वाटून घेणं स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली येतं. फक्त सारखा दर पुरेसा नाही (प्रश्न ८). करार दिसायला हवा: संघटनेच्या नावाचं दरपत्रक, ग्रुपवरचा मेसेज, फोनवरचं बोलणं. मी स्वतः घोडबंदरला एका दुसऱ्या टँकरवाल्याला फोन केला, तर म्हणाला, ‘काका, तुमची गल्ली अमक्याकडे आहे, आपण नाय येत तिकडं.’ भाग वाटून घेणं म्हणजे नेमकं हेच.

भारतीय स्पर्धा आयोगाकडे कलम १९ खाली कुणीही माहिती दाखल करू शकतो, स्वतः ग्राहक असलाच पाहिजे असं नाही. शुल्क लागतं आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांची मुदत आहे. छोट्या संघटनांकडे आयोग बघत नाही, हा गैरसमज आहे: नवा वितरक नेमायला ‘ना हरकत’ मागणाऱ्या औषध विक्रेत्यांच्या संघटनांवर अनेक राज्यांत आदेश झाले आहेत. एका टँकरमध्ये पाणी कमी आलं, एवढीच तक्रार असेल तर ग्राहक आयोगाकडे जा.

१२. नुसतं मोठं असणं गुन्हा आहे का?

नाही. कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराला रोखतं, वर्चस्वाला नाही. गुडगावच्या फ्लॅटधारकांच्या संघटनेने एकतर्फी करारांबद्दल तक्रार केली आणि आयोगाने २०११ मध्ये डीएलएफला ६३० कोटींचा दंड लावला. ठाण्यातही असंच करू, असं लोक म्हणतात. पण इथे बिल्डर इतके आहेत की एकाचं वर्चस्व सिद्ध करणं कठीण. तुम्हाला महारेरा, म्हणजे राज्याचं गृहबांधणी नियामक प्राधिकरणच जवळचं.

इतिहासातला एक बदल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९६९ च्या एमआरटीपी (मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापार प्रथा) कायद्याच्या उद्देशातच आर्थिक सत्ता एकवटून समाजाचं अहित होऊ नये, असं लिहिलं होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ग) चीच ती भाषा. २००२ चा कायदा स्पर्धा, ग्राहकहित, व्यापाराचं स्वातंत्र्य यांबद्दल बोलतो. विषमता त्याच्या उद्देशात नाही. जुन्या कायद्याने परवान्यांचं जंगल वाढवलं हे मान्य, पण प्रश्न निदान लिहिला तरी होता.

१३. आयोगाने दंड केला तर पैसे आम्हाला मिळतात का?

नाही. दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जातो. भरपाई हवी तर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आणि किती थांबायचं? सिमेंट कंपन्यांना आयोगाने २०१२ मध्ये सहा हजार कोटींहून जास्त दंड केला. तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द झाला, २०१६ मध्ये पुन्हा लागला, २०१८ मध्ये अपिलात कायम राहिला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या सिमेंटच्या इमारतींना एव्हाना गळती लागली असेल.

१४. मग सगळ्या विषमतेचं मूळ हेच?

नाही. जमीन, जात, शिक्षण, इंग्रजी, वारसा, कररचना ही कारणं जुनी आणि खोल आहेत. बाजार एकवटण्याने ती फुगतात. किती टक्के विषमता याच्यामुळे, असा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर त्याच्याकडून विमा घेऊ नका.

१५. त्यापेक्षा अशा कंपन्यांचे शेअर घेतले तर? आपणही फायद्यात!

नौपाड्यातल्या एका काकूंचा प्रश्न, आणि हुशार आहे. घ्या, मी अडवत नाही. फक्त हिशेब मांडा. दर महिन्याला घरखर्चात जास्त जातं ते, आणि वर्षाला लाभांश येतो तो. दोन्ही जुळायला हजारांत नाही, लाखांत शेअर लागतील. प्रश्न ३ मधल्या ताईंना तर पहिला शेअर घेण्याआधी छोटी वडी सोडून मोठी परवडायला हवी.

१६. अ‍ॅप सोडून कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेतलं तर काही फरक पडेल?

थोडासा, तोही त्या वाण्याला. तो उधारी लिहितो, महिनाअखेरीस ताईंना तांदूळ देतो. दहा मिनिटांत येणारं अ‍ॅप आधी पैसे मागतं. एवढ्यासाठी मी जातो. पण त्याला कुणी हात दिलाय असं समजू नका. परवा सकाळी तो स्वतःच मोठ्या सुपरमार्केटातून दोन ट्रॉल्या भरून रिक्षात टाकताना दिसला. विचारलं तर म्हणाला, ‘डिस्ट्रिब्युटरपेक्षा इथंच स्वस्त पडतं, सर. तुमची चहापावडर पण इथलीच.’